पोट सुटले म्हणजे सुख आले नव्हे

मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्याला लठ्ठपणाचे काय सांगायचे, असे पांढरपेशांना वाटते. आमच्या वस्त्यांतही पोट सुटले की माणूस ‘खात्यापित्या घरचा’ ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलेल्या समाजाला तसे वाटले तर दोष कुणाचा? पण हा समज घातक आहे. हमालाचा मुलगा आज टेम्पो चालवतो, वडापाव-चहावर दिवस काढतो.

पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली तुलना इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांच्याशी मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ हाच. शरीरातील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरपुढे गेली की मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका धरतात. अमेरिकेतील १०२ व ८८ ची मापे आपल्या कामाची नाहीत.

हे वस्तीत सांगणार कोण? चरबी जाळणाऱ्या चूर्णाची टीव्हीवरील जाहिरात, की इंग्रजी पत्रक? बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने पोखरले होते, हे आम्ही जयंतीच्या भाषणात सांगतो. खाली उतरल्यावर स्वतःची साखर तपासत नाही. विहारात सगळे जमतात, तिथले ऐकतात. येत्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर आशाताईंना बोलवा, शिंप्याकडची टेप आणा आणि आधी बायकांची मापे घ्या.