दोष दाखवला, पुढे काय?

हल्ली वादात उतरणाऱ्यांना तर्कदोषांची नावं तोंडपाठ असतात. समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, ‘हा व्यक्तिगत हल्ला’, ‘हा बहुमताचा आधार’ असा शिक्का बसतो आणि वाद संपल्याचं जाहीर होतं. या मंडळींची बाजू अगदीच लंगडी नाही. दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, त्याचा युक्तिवाद फसला की आपलं काम संपलं, असं ते म्हणतात. यातलं पहिलं म्हणणं रास्त, दुसरं साफ चूक.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायले: चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध नाहीसं होतं, असं लोक सांगू लागले. लंडनच्या मंदिरांतही रांगा लागल्या. शंका काढणाऱ्याला ऐकावं लागे, ‘मग एवढे लोक काय खोटं बोलतात?’ हा बहुमताचा आधार खराच. शिवाय त्याच्या पोटात आणखी एक दोष होता: एक तर चमत्कार माना, नाहीतर हजारोंना खोटारडे ठरवा, तिसरी वाटच नाही. गंमत म्हणजे चमत्कार न मानणारे काही जणही याच पेचात सापडले. भाविक अडाणी, एवढं म्हणून त्यांनी हात झटकले. पण माणूस अडाणी असला म्हणून त्याने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत नाही. आणि त्या रांगांत शिकलेसवरलेलेही होतेच.

मुळात लोकांनी पाहिलं ते खरंच होतं. चमचा रिकामा होत होता. चुकला तो निष्कर्ष: चमच्यातून गेलं, म्हणजे देवाच्या पोटात गेलं. काठोकाठ भरलेल्या चमच्यात पृष्ठताणामुळे दूध कडेच्या किंचित वर फुगून राहतं. चमचा जरासा कलता धरून सोंडेला टेकवला की ते दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर नजरेत भरत नाही. दिल्लीच्या एका मंदिरात शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ उघड दिसला. शिक्क्यांनी जे झालं नसतं ते चिमूटभर रंगाने केलं.

स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं खोडत सुटणं याला आपल्या न्यायदर्शनाने वितंडा म्हटलं आणि वादापासून वेगळं काढलं, ते उगीच नव्हे. युक्तिवाद सदोष ठरला की निष्कर्ष असिद्ध राहतो, खोटा ठरत नाही. ‘थोरामोठ्यांनी सांगितलंय म्हणून गढूळ पाणी उकळून प्यावं’ हे कारण कच्चं आहे. सल्ला मात्र पक्का.

दर वेळी प्रयोग करता येत नाही, हे कबूल. पण कारणापासून निष्कर्षापर्यंत जाताना पाऊल नेमकं कुठे घसरलं, एवढं तरी सांगता आलंच पाहिजे. तर्कदोष ओळखायला शिकायचं ते यासाठी. चमचा रिकामा कसा झाला याचं उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने चमत्कार खुशाल नाकारावा. वाद जिंकल्याचं मात्र सांगू नये.