गाव सोडून गेलेल्यांची यादी

गल्ला आणि वही : हिशेबनीस

धारवाडच्या लाइन बाजारात ठाकुरांच्या पेढ्याच्या दुकानापुढं रांग लागते, आणि ती रांग हीच त्यांची जाहिरात. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी इथं आलेलं हे घराणं. त्या पेढ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. त्यांना कुणी ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विकायला गेला तर तोच अर्धा किलो पेढे घेऊन परत येईल. आजचं लिखाण ज्यांच्या दारात रांग नाही त्यांच्यासाठी आहे.

माळमड्डीत आमच्या ओळखीतल्या एक वहिनी चटण्यांचा उद्योग करतात. शेंगांची चटणी, कारळ्याची (इकडं तिला गुरेळ्ळ म्हणतात), जवसाची, शिवाय कडक भाकऱ्या. तीन बायका कामाला, एक मिक्सर, एक उखळ, आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं. दिवाळीआधी महिनाभर त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, मेल पाठवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हो? भाचा एक सांगतो, सीए दुसरं सांगतात, आणि एक मुलगा आलाय तो म्हणतो, मी एक लाख पत्तेच देतो की!"

लाखभर पत्त्यांच्या त्या मुलाला चहा पाजून वाटेला लावलं. ज्याला आपण कोण हे माहीत नाही त्याला चटणीची जाहिरात गेली की तो ती स्पॅममध्ये टाकणार, आणि अशा शे-दोनशे जणांनी टाकली की आपल्या खऱ्या गिऱ्हाइकांच्या पेटीतही आपली पत्रं पोचेनाशी होतात. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम घालून दिलेत. त्यात तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं स्पष्ट आहे. म्हणजे हजारी तीन. लग्नाच्या पंगतीत याहून जास्त लोक कुरकुरतात.

मग वही उघडून बसलो. वहीत सहाशे चाळीस मेल पत्ते निघाले. त्यांतले धारवाड-हुबळीचे जेमतेम शंभर, आणि या मंडळींना मेल कशाला? ती फोन करतात, नाहीतर चिगरी बसमधून उतरून थेट दारात येतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी पुरते. एका यादीत २५६ जण बसतात. अट एवढीच, की त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. उरलेले पाचशे चाळीस पुण्याचे, बंगळूरचे, ठाण्याचे, आणि पन्नासेक थेट समुद्रापलीकडचे. नोकरीनं, लग्नानं, मुलांपाठोपाठ गेलेले. आपल्या गावातल्या छोट्या उद्योगाला मेलचा खरा उपयोग आहे तो गाव सोडून गेलेल्यांना गाठायला. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला इथली वेळ सांभाळून फोन करता येत नाही. मेल त्याच्या सवडीनं वाचला जातो. एवढं कळलं की सॉफ्टवेअरची निवड निम्मी झाली.

या बाबतीत आपल्या मुलखाला शिकवायला कुणी परदेशातून यायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांच्या कारखान्याचे नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोचावेत म्हणून किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर तिचे कर्ते. मालाची माहिती असायचीच, पण नुसत्या मालाच्या माहितीसाठी कुणी अंक जपून ठेवत नाही. वाचण्यासारखं काही असल्यामुळं ती 'खबर' पुढं 'किर्लोस्कर' मासिक झाली, आणि तिच्याच घरात १९३०ला 'स्त्री' आणि १९३४ला 'मनोहर' आली. शंभर वर्षांमागं टपालानं जे चाललं होतं त्यालाच आजचे लोक न्यूजलेटर म्हणतात. वहिनींना मी एवढंच म्हटलं, की भाव शेवटी लिहा, आधी यंदा कारळं कुठून आणलं ते लिहा.

आता सॉफ्टवेअर. वहिनींचा पहिला प्रयत्न फुकटच्या मेलखात्यातून झाला होता. सगळे पत्ते एकदम बीसीसीमध्ये टाकले आणि खातं दिवसभरासाठी बंद पडलं. घरगुती खात्याला दिवसाची मर्यादा असते, ती ओलांडली. म्हणून पहिला खर्च सॉफ्टवेअरचा नाहीच, स्वतःच्या नावाच्या डोमेनचा. वर्षाला हजाराच्या आसपास. त्या डोमेनला तीन नोंदी जोडायच्या असतात, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावं भीतिदायक आहेत, काम साधं. पहिली नोंद सांगते की आमची पत्रं कुणाकुणाच्या हस्ते येतील. दुसरी म्हणजे लाखेची मोहोर, वाटेत कुणी पाकीट फोडलं तर कळावं म्हणून. तिसरी समोरच्या टपालखात्याला सांगते, की बिनमोहोरेचं पाकीट आमच्या नावानं आलं तर त्याचं काय करायचं. जी कंपनी या नोंदी कशा करायच्या ते दोन पानांत नीट दाखवत नाही, तिच्या वाट्याला जाऊ नये.

मग येतो भाव, आणि इथं बहुतेक जण फसतात. काही सेवा यादीतल्या डोक्यांवर पैसे घेतात, काही पाठवलेल्या पत्रांवर. वहिनी वर्षातून चारदा लिहिणार: गणपती, दिवाळी, संक्रांत आणि उन्हाळी पापडांच्या आधी. त्यांनी डोक्यांवर पैसे भरले तर आठ महिने गप्प बसण्याचे पैसे जातात. वर काही ठिकाणी 'नको' म्हणून यादीतून गेलेली माणसंही हिशेबात धरतात. पॅरिसची ब्रेव्हो, म्हणजे आधीची सेंडिनब्ल्यू, पत्रांवर मोजते आणि दिवसाला तीनशे पत्रं फुकट पाठवू देते. म्हणजे वहिनींची दिवाळी दोन दिवसांत आटपते. आमच्या शेजारच्या चेन्नईची झोहो रुपयांत बिल देते, जीएसटीसकट, त्यामुळं सीएंचा चेहरा खुलतो. अटलांटात २००१ साली निघालेलं मेलचिंप सर्वांत प्रसिद्ध. २०२१मध्ये इंट्युटनं ते सुमारे बारा अब्ज डॉलरला घेतलं. एवढ्या मोठ्या घरची सून आपल्या तीन बायकांच्या कारखान्यात हवी का, हा प्रश्न मी विचारला. भाच्याला तो आवडला नाही.

भाषेची परीक्षा मात्र मी हट्टानं घेतली. वहिनींची गिऱ्हाइकं त्रिभाषी. सासरकडची कानडी, माहेरकडची मराठी, आणि दोन्हीकडची नातवंडं इंग्रजी. प्रत्येक नावापुढं भाषेची खूण लावून तेवढ्यांनाच पत्र धाडता आलं पाहिजे. आमच्याकडं एकाच घरात आईला मराठी आणि सुनेला कानडी पत्र लागतं, हे कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. दुसरी गोष्ट, तयार साचे रोमन अक्षरं डोळ्यांपुढं ठेवून बनवलेले असतात. ओळींमधली जागा कमी, त्यामुळं वेलांट्या-मात्रांची डोकी उडतात. एका साच्यात 'कैरीचं लोणचं' वरून असं छाटलं गेलं की लोणचं आहे की काय आहे कळेना. वहिनींच्या सासऱ्यांच्या जुन्या फोनवर प्रत्येक साचा उघडून बघितला. तिसरी गोष्ट जराशी तांत्रिक आहे. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेतं, आणि पत्राचा मजकूर नक्षीकामासकट १०२ केबीच्या वर गेला की जीमेल ते खालून कापतं. कापलं जातं नेमकं 'यादीतून काढा' हे बटण, कारण ते तळाशी असतं. म्हणून नक्षी कमी.

आणि ते बटण हवंच. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो, की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "जाणारा जाऊ दे की, दार लावून कशाला कोंडायचं!" कायदा न वाचता त्यांना तो कळला होता.

शेवटची कसोटी माझी स्वतःची, गेली काही वर्षं मी ती सगळ्यांना सांगतो. सहाशे नावं भरण्याआधी दहा भरा. त्यांतल्या दोघांना 'काढा' म्हणायला लावा. मग ती सगळी यादी बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडा. नावं, खुणा, आणि कोण 'नको' म्हणून गेलं ते, असं तिन्ही सुखरूप बाहेर आलं तर तिथं संसार मांडायला हरकत नाही. तिसरी गोष्ट बाहेर आली नाही, तर उद्या कंपनी बदलताना गेलेल्या माणसांना आपण पुन्हा पत्रं पाठवू लागू, आणि शिव्या आपल्याला पडतील. वहिनींच्या भाच्यानं चार सेवांवर हा खेळ खेळला. एकीतून यादी अशी बाहेर आली की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

दिवाळीचं पत्र अखेर गेलं. भाच्यानं रंगीत तक्ते आणून दाखवले, इतक्यांनी उघडलं, इतक्यांनी नाही. हे आकडे पूर्वीही कच्चेच होते, कारण पत्रातलं एक अदृश्य चित्र उतरलं की 'उघडलं' धरतात. २०२१मध्ये अ‍ॅपलनं ते चित्र आपणहून उतरवायची सोय केल्यापासून न उघडलेलीही उघडलेली दिसतात. आणि ज्यांच्या मेलमध्ये चित्रं बंद असतात, त्यांनी पत्र पाठ केलं तरी ती 'न उघडलेल्यांत'च. कोथरूडच्या एका आजोबांचं नाव तसंच तांबड्या रकान्यात होतं. भाचा त्यांना यादीतून उडवायला निघाला होता. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. आजोबाच. कारळं यंदा रानेबेन्नूरचं आहे असं पत्रात लिहिलंय, मग लसूण मात्र गेल्या वर्षीइतकाच घाला, आणि पुडे चारऐवजी सहा पाठवा, म्हणाले.

"हे बघ," वहिनी भाच्याला म्हणाल्या, "तुझ्या तांबड्या रकान्यातून बोलतायत." आणि लाल वहीत सहाचा आकडा मांडला.