लांबचा विमानप्रवास आणि पाय
कोलकात्याच्या बेहाला भागात छोट्या विमानांचा जुना तळ आहे. पण अमेरिकेतल्या नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांना दमदमचा विमानतळच गाठावा लागतो. दिल्लीत विमान बदलले की न्यूयॉर्कपर्यंत न थांबता सुमारे १५ तास! २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेला सिंगापूर-न्यूयॉर्क प्रवास तर सुमारे १८ तासांचा. शेजाऱ्याला उठवावे लागेल म्हणून काही वृद्ध पाणी पीत नाहीत, जागचे हलत नाहीत. विमानातली हवा कोरडी. त्यात बसून पाय सुजतात, क्वचित रक्ताची गुठळीही होते. तेव्हा कडेची जागा मागावी, पाणी प्यावे, घोटे फिरवावेत, अधूनमधून चालावे. पूर्वी गुठळी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. संकोच मात्र घरीच ठेवावा.