शहीद म्हणजे साक्षीदार

मागच्या सुट्टीत चार दिवस सेमाडोहला आपाकडे होतो. परतवाड्याहून घाट चढून गेलं की सिपना नदीच्या काठाला हे गाव. दुलाभाईंचं रस्त्यावरच किराणा आणि चहाचं दुकान आहे. रात्री सात-आठनंतर वर्दळ थांबते, नेटवर्क येतं-जातं, आणि अठरा वर्षांच्या पोराला करायला काही उरत नाही. म्हणून मी लॅपटॉपवर उतरवून आणलेला एक जपानी चित्रपट लावला. बघायला भाचा होता आणि त्याचा कोरकू मित्र. दोघं रोज पहाटे हरिसालच्या रस्त्याने धावतात. मित्राला अग्निवीर म्हणून पायदळात जायचंय, भाच्याला नौदलात. आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणूनच बहुतेक त्याला तो हवाय.

चित्रपट २००५ सालचा, जुन्या सातो यांनी दिग्दर्शित केलेला. विषय ‘यामातो’ या युद्धनौकेचा. जगात त्याआधी वा त्यानंतर याहून मोठ्या तोफांची युद्धनौका झाली नाही; तोफेच्या नळीचं तोंड ४६ सेंटिमीटरचं. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकन सैन्य ओकिनावा बेटावर उतरलं आणि जपानी आरमाराने या नौकेला तिकडे पाठवलं. वरून विमानांचं संरक्षण नाही. योजना अशी की जमेल तेवढं लढायचं, मग किनाऱ्यावर रुतून बसायचं आणि मरेपर्यंत तोफा चालवायच्या. ७ एप्रिलला दुपारी, अमेरिकन विमानांच्या लाटांमागून लाटा येऊन दोनेक तासांत नौका बुडाली. ओकिनावा दिसलंसुद्धा नाही. तीन हजारांहून जास्त माणसं गेली. चित्रपटाचे नायक त्यांतले सर्वात लहान, पंधरा-सोळा वर्षांचे भरती झालेले पोरगे आहेत.

मी इंग्रजी ओळी वाचून दोघांना सांगत होतो. मधेच कोरकू मित्राने विचारलं, “मंग भाऊ, त्यायच्या जहाजात वापस याले तेल होतं का नाही?”

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, “पन मामू, यायले धाडलं कोनं?”

हा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. आमच्याकडे मध्यरात्री सर्व्हर बसला तर सकाळी पहिला प्रश्न असतो, का बसला? कोणी किती जागून काम केलं याचं कौतुक नंतर. युद्धपटांत हे उलटं का होतं? तिथे जागणाऱ्याचं आणि मरणाऱ्याचं कौतुक एवढं मोठ्या आवाजात होतं की ‘का’ ऐकूच येत नाही.

‘यामातो’ हा वाईट चित्रपट नाही, हे आधी सांगतो. मलाही रडू आलं. जिवंत परतलेला पोरगा मेलेल्या मित्राच्या आईला भेटायला शेतात जातो तेव्हा आपाने दुकानाचा हिशेब बाजूला ठेवून पडद्याकडे पाहिलं. पण रडून झाल्यावर मी मोजलं. मरणाऱ्या पोरांचे चेहरे किती वेळ दिसतात, आणि आदेशावर सही करणाऱ्यांचे किती वेळ? आदेश या चित्रपटात पावसासारखा येतो. तो कुठून तरी वरून पडतो, त्याला कर्ता नसतो.

प्रत्यक्षात कर्ते होते. मोहिमेचे सेनापती सेइइची इतो यांनी सुरुवातीला विरोध केला होता. त्यांना सांगितलं गेलं की सगळं राष्ट्र आता आत्मघाती हल्ल्याला निघणार आहे आणि तुम्ही त्याचे अग्रदूत व्हायचंय. मग ते गप्प झाले, आणि नौकेबरोबर बुडाले. आणखी एक गोष्ट. निघण्यापूर्वी नौदल अकादमीतून नुकतेच बाहेर पडलेले उमेदवार अधिकारी उतरवून घेतले गेले. आजारी आणि काही वयस्क माणसंही उतरली. चांगलंच झालं, तेवढे जीव वाचले. म्हणजे ही फेरी मरणाची आहे हे ठाऊक होतं, आणि कोणाला वाचवून ठेवायचं याचा विचारही झाला होता. त्या विचारात खेड्यापाड्यांतून आलेले ते पोरगे बसले नाहीत.

तेलाचंही सांगतो. मित्राचा प्रश्न बरोबर होता. आदेश फक्त जाण्यापुरत्या तेलाचा होता. पण तळावरच्या लोकांनी टाक्यांच्या बुडाला राहिलेलं, हिशेबात न धरलेलं तेल उपसून ठरल्यापेक्षा बरंच जास्त भरलं, असं नंतर नोंदलं गेलं. पोरं परत आलीच, तर तेल असू द्या. या सगळ्या कहाणीत मला खरा माणूस वाटतो तो हा तेल भरणारा. पण त्याच्यावर कोण चित्रपट काढणार?

आता आपल्याकडे येतो. शेजारच्यावर बोट दाखवून स्वतः नामानिराळं राहणं हा या मासिकाचा रिवाज नाही.

२०१७ साली ‘द गाझी अटॅक’ आला. विषय १९७१चा. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तिथेच बुडाली. नव्वदहून जास्त नौसैनिक आत होते. ती कशी बुडाली यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. आपलं नौदल श्रेय ‘राजपूत’ या जहाजाला देतं, पाकिस्तान म्हणतो आतच स्फोट झाला. चित्रपटाने मात्र एक भारतीय पाणबुडी उभी केली आणि तिच्याकडून ‘गाझी’ बुडवून घेतली. पडद्यावर राष्ट्रगीत सुरू झालं, आम्ही सगळे उभे राहिलो. पाणबुडी फुटली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आणि खरं सांगतो, शेजाऱ्यांपेक्षा जरा जास्तच जोराने वाजवल्या. बरोबर ऑफिसचे मित्र होते. त्यांच्यापैकी कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नसेल. पण माझे हात ऐकत नव्हते.

त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. भारताच्या विजयाचा आनंद मला झाला होताच, त्याची लाज वाटायचं कारण नाही. राग याचा, की त्या आवाजात मी पावती फाडत होतो. आपल्या समाजात ही सवय जुनी आहे. कोणी निष्ठेवर शंका घेतली की आपण लगेच ब्रिगेडिअर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद ही नावं पुढे करतो. १९४८ आणि १९६५ सालच्या त्या दोन माणसांनी आपलं काम करताना जीव दिला. ते आपल्यासाठी चारित्र्याचे दाखले काढायला गेले नव्हते. मेलेल्या माणसाला दाखला म्हणून वापरणं, मग तो चित्रपटवाल्याने वापरो की आपण, त्याचा मानच कमी करतं.

त्याच डिसेंबरात आपलीही एक नौका बुडाली. ‘गाझी’ला टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना ‘खुकरी’ माहीत आहे? ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काही मिनिटांत सगळं संपलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला स्मारक आहे, काचेत ठेवलेली नौकेची प्रतिकृती आहे.

मुल्लांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण भाच्याने मला त्यांची गोष्ट शाळेत ऐकल्यासारखी सांगितली, तेव्हा मी त्याला पुढचं विचारलं: ती नौका तिथे काय करत होती? त्याला माहीत नव्हतं. ‘खुकरी’ पाणबुडी शोधायलाच गेली होती. समोरची पाणबुडी फ्रान्समध्ये बांधलेली, नवी. आपली नौका १९५०च्या दशकातली, तिचा सोनार कमी पल्ल्याचा. तो पल्ला वाढवण्यासाठी एका सुधारित उपकरणाची चाचणी नौकेवर चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. पाणबुडीच्या पुढ्यात संथ चालणारी नौका म्हणजे काय, हे सांगायला नौदलात असावं लागत नाही. ही माहिती गुप्त नाही, नौदलाच्या इतिहासलेखनात ती आहे. तरी आपल्या भाषणांत येतो तो खुर्चीत शांत बसलेला कॅप्टन. कमी पल्ल्याचा सोनार येत नाही. कॅप्टनच्या प्रतिमेपुढे नमस्कार करता येतो. सोनारबद्दल विचारलं तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

इथे मला एका शब्दाबद्दल बोलायचंय, जो आपल्या घरातूनच मराठीत आणि हिंदीत गेला. शहीद. केंद्र सरकारने संसदेत सांगितलंय की सैन्यदलांत हा अधिकृत शब्द नाही. तरी गावागावात फलकांवर तोच आहे, असू द्या. पण त्या शब्दाचं मूळ अरबीत साक्ष देण्याशी आहे. शहादत म्हणजे साक्षही. आजही उर्दूत कोर्टातल्या साक्षीला शहादत म्हणतात. तर मग जो शहीद झाला तो साक्षीदार आहे. त्याने काहीतरी पाहिलं. आदेश पाहिला, अपुरी हत्यारं पाहिली, आपल्याला कुठल्या हिशेबात धरलंय ते पाहिलं. आपण त्याला हार घालतो, गाणं लावतो, आणि साक्ष न घेताच खटला मिटवतो. ‘यामातो’च्या चित्रपटात एक तरुण अधिकारी सहकाऱ्यांना समजावतो की देशाला पराभवातून जाग येईल, आपलं मरण त्या जागेपणासाठी आहे. हा विचार त्या अधिकाऱ्याच्या नावावर पुस्तकातही नोंदलेला आहे. मरणाच्या दारात उभ्या माणसाला काहीतरी अर्थ लागतोच, त्याला मी दोष देणार नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांनी खुर्चीत बसून आपण तोच अर्थ मान्य केला, तर ज्यांनी पाठवलं ते सुटले.

जहाजावरच्या पोरांची आणखी एक गोष्ट मुंबईत घडलीय. १८ फेब्रुवारी १९४६ला ‘तलवार’ या तळावरच्या नौसैनिकांनी काम थांबवलं. निकस अन्न, गोऱ्यांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, अधिकाऱ्याच्या शिव्या. दोन-तीन दिवसांत संप ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नौसैनिकांपर्यंत पोचला. बहुतेक विशीतले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे शेजारी शेजारी चढले. त्यांच्या मागण्यांत जेवणाबरोबर हेही होतं की इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. म्हणजे दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी आम्हाला पाठवू नका. पाठिंब्याला उतरलेल्या मुंबईकरांवर गोळीबार झाला, दोनशेहून जास्त माणसं मेली. पटेल आणि जिना, दोघांनीही शरण जायला सांगितलं. २३ फेब्रुवारीला पोरं शरण गेली. कित्येकांना काढून टाकलं, आणि स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

ही पोरं बुडाली नाहीत. त्यांनी जिवंतपणी साक्ष दिली. त्यांच्यावर पन्नास कोटींचा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. बुडणारा पोरगा पडद्याला चालतो. ‘आम्हाला कुठे पाठवताय?’ असं विचारणारा पोरगा निर्मात्यालाही नको, पुढाऱ्यालाही नको.

मला माहीत आहे दोन बाजूंनी काय उत्तर येईल. एक म्हणतील, सैनिकाने प्रश्न विचारायचे नसतात. बरोबर, डेकवर उभं राहून विचारायचे नसतातच. म्हणून तर ते आपण, घरी बसलेल्या नागरिकांनी, विचारायचे असतात. लोकशाहीत वर्दीच्या बदल्यात तेवढी जबाबदारी आपल्यावर येते. दुसरे, आपल्यातलेच, म्हणतील, “कशाला जायचं तिकडे? आपल्याला कोण विचारतं?” मला हेही मान्य नाही. देश माझ्या भाच्याचा आहे, समुद्रही त्याचा आहे. कोणी भरतीच्या रांगेत त्याला टोमणा मारला म्हणून त्याने फॉर्म भरू नये, किंवा टोमणा मारला म्हणूनच भरावा, ही दोन्ही कारणं मला चुकीची वाटतात.

त्या रात्री आम्ही चित्रपट संपल्यावर अग्निपथची माहिती उघडून बसलो. २०२२ साली आलेली योजना. साडेसतरा ते एकवीस वय, चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. मी म्हटलं, शंभरातले पंच्याहत्तर परत येतील, बावीस-तेवीस वर्षांचे. परत येऊन काय करायचं, हे विचारून मग सही करा. कोरकू मित्र हसला. म्हणाला, “म्हंजे वापस याचं तेल पाह्यलं पाह्यजे.”

तेवढंच पाहायचं आहे. पोरांना पाठवताना आपण, म्हणजे सरकारने आणि सरकार निवडणाऱ्या आपण, परतीचं तेल भरलंय का? भाच्याने फॉर्म भरला. आपा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, तिला वाटलं होतं मी त्याला अडवीन. मी अडवलं नाही. तिला एवढंच सांगितलं की त्याची निवड झाली तर आपण नुसता हार घेऊन उभे राहणार नाही. तो कुठल्या जहाजावर आहे, ते कशासाठी निघालंय, हे आपण विचारत राहू. आपा म्हणाली, “तू विचारशील, पण सांगणार कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारणारे वाढले तर कधीतरी असेल.