एका शिक्षकाचे वैद्यक विद्यालय

अमेरिकेतील वैद्यकशिक्षणाचा इतिहास सांगताना फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि बोस्टनचा परिसर यांची नावे प्रथम घेतली जातात. कालक्रमाने ते योग्यच आहे. त्या देशातील पहिली तीन वैद्यक विद्यालये इ. स. १७६५, १७६७ व १७८२ मध्ये याच क्रमाने स्थापन झाली. चौथे मात्र न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयाच्या आश्रयाने, इ. स. १७९७ मध्ये निघाले. त्यात अध्यापक एकच होता. शरीररचना, शस्त्रक्रिया, रसायन, औषधी व रोगचिकित्सा हे सारे विषय नेथन स्मिथ हा एकटाच शिकवीत असे. अशा विद्यालयाला आज कोणीही मान्यता देणार नाही, आणि म्हणून त्याकडे एक कच्चा आरंभ म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु सोपे असले तरी ते न्याय्य नाही.

स्मिथचा जन्म इ. स. १७६२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील रिहोबथ येथे झाला. त्याचे बालपण व्हरमाँटमधील चेस्टर या नव्याने वसलेल्या गावी, शेतकऱ्याच्या घरी गेले. पुढे तो तेथेच शाळेत शिकवू लागला. सुमारे बाविसाव्या वर्षी जोसाया गुडह्यू नावाचा वैद्य एका रोग्याचा पाय कापण्यासाठी गावात आला. पाहणाऱ्यांपैकी कोणी मदतीस येईल काय, असे त्याने विचारले, तेव्हा हा तरुण पुढे झाला आणि रक्तवाहिन्या बांधल्या जात असता त्याने त्या धरून ठेवल्या. शस्त्रक्रिया संपताच त्याने शिष्यत्व मागितले. गुडह्यूने होकार दिला नाही, आणि या नकारातच पुढील सर्व गोष्टींचे बीज आहे. हार्वर्ड महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके शिक्षण आधी घ्यावे, मग यावे, अशी अट त्याने घातली. ज्या प्रदेशात थोडेफार वाचता येणारा कोणीही वैद्याच्या हाताखाली राहून वैद्य होई, त्या प्रदेशातील एका ग्रामीण वैद्याने ही अट घालावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्मिथने एका धर्मोपदेशकाकडे अध्ययन केले, मग गुडह्यूकडे तीन वर्षे काढली, काही काळ कॉर्निश येथे व्यवसाय केला आणि तरीही आपले ज्ञान अपुरे आहे असे वाटून हार्वर्डला जाऊन १७९० मध्ये पदवी घेतली.

इ. स. १७९६ मध्ये त्याने डार्टमथच्या विश्वस्तांपुढे वैद्यक विद्यालयाची योजना मांडली. विश्वस्तांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला. स्मिथ तेवढा काळ स्वस्थ बसला नाही. तो एडिंबरो व लंडन येथे जाऊन तेथील अध्यापन पाहून आला आणि परत येताच व्याख्याने सुरू केली. महाविद्यालयाचे अध्यक्ष व्हीलॉक त्याची रसायनावरील व्याख्याने ऐकत. ती ऐकून झाल्यावर सायंप्रार्थनेत त्यांनी प्राणवायू आणि इतर वायूंबद्दलही ईश्वराचे आभार मानले, अशी आख्यायिका आहे. राज्याने १८०९ मध्ये इमारतीसाठी ३,४५० डॉलर दिले. जागा स्मिथने दिली.

एका गोष्टीत मात्र त्याची बाजू घेणे कठीण आहे. शरीररचना शिकवण्यास शवे लागत आणि ती कायद्याने मिळण्याची सोय नव्हती. परिणामी तेव्हाच्या सर्वच वैद्यक विद्यालयांवर कबरी उकरल्याचा संशय असे. आपल्या माणसांच्या कबरी सुरक्षित राहाव्यात ही शेतकऱ्यांची मागणी अज्ञानातून आलेली नव्हती. मॅसॅच्युसेट्सने याविषयी कायदा केला तो १८३१ मध्ये. तोवर स्मिथ जिवंत नव्हता.

त्याची खरी थोरवी १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्वरावरील निबंधात दिसते. त्याने ज्याला टायफस म्हटले तो आजचा विषमज्वर होय. या दोन रोगांतील भेद फिलाडेल्फियाच्या गेर्हार्डने १८३७ मध्ये स्पष्ट केला. स्मिथने लिहिले की हा स्वतंत्र रोग आहे, तो एकापासून दुसऱ्यास होतो, एकदा झालेल्यास सहसा पुन्हा होत नाही, आणि तो आपल्या क्रमाने चालतो व संपतो. जंतूचे दर्शन एबर्टला १८८० मध्ये घडले, म्हणजे स्मिथजवळ रोग्याच्या उशाशी घालवलेल्या रात्रींखेरीज दुसरे साधन नव्हते. त्याहून धाडसाची गोष्ट पुढेच आहे. आपल्या उपचाराने हा ज्वर मध्येच तुटला असे आपणांस एकदाही खात्रीने सांगता येत नाही, अशी कबुली त्याने दिली. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रश याने १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत भरमसाट रक्त काढण्याचा पुरस्कार केला होता आणि अनेक वैद्य त्याच वाटेने जात होते. स्मिथने सरसकट रक्तमोक्षण व तीव्र रेचके यांना विरोध केला. थंड पाणी, हलका आहार आणि शुश्रूषा यांवर भर दिला. वैद्याने काय करू नये, हे शिकवणारा शिक्षक त्या काळी विरळा होता.

याचा अर्थ तो हात राखून बसणारा होता असा नव्हे. १८१३ च्या सुमारास लेबनन गावी एका सात वर्षांच्या मुलास विषमज्वरानंतर पायाच्या हाडात पू झाला. पाय कापण्याचा विचार झाला, परंतु आई मान्य करीना. स्मिथने हाडाला दोन्ही बाजूंनी छिद्रे पाडून मृत भाग तोडून काढला. ईथरच्या भुलीला अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. मुलाने मद्य घेण्यास व बांधून घेण्यास नकार दिला आणि बापाने त्यास धरून ठेवले. पाय वाचला. हा मुलगा जोसेफ स्मिथ पुढे मॉर्मन पंथाचा संस्थापक झाला. १८२१ मध्ये नॉर्विच येथे नेथन स्मिथने एका स्त्रीच्या बीजांडाची गाठ काढली. केंटकीत मॅकडॉवेलने हे १८०९ मध्येच केले होते, याची त्याला वार्ता नव्हती.

इ. स. १८१३ मध्ये तो येल येथे गेला. पुढे मेनमधील बोडन महाविद्यालयातील वैद्यक विद्यालयाच्या स्थापनेतही त्याचा मोठा वाटा होता.

आक्षेप असा की या उदाहरणामुळे कोणीही गावोगाव विद्यालय काढू लागला. एकोणिसाव्या शतकात तसे झाले खरे. फ्लेक्सनरने १९१० मध्ये अमेरिका व कॅनडातील १५५ विद्यालयांचा अहवाल लिहिला, तेव्हा पुष्कळांची स्थिती लज्जास्पद होती. परंतु त्यांतील अनेक विद्यालये शुल्कासाठी काढलेली होती व प्रवेशाची अट त्यांनी सोडून दिली होती. स्मिथच्या वाटचालीत प्रारंभीच अट होती. त्याने केलेली चूक वेगळी आहे. विद्यालय आपल्या एकट्याच्या बळावर उभे करणाऱ्याने ते आपल्यामागे कशाच्या बळावर चालेल याचा पुरेसा विचार केला नाही. तथापि तो विचार करीत बसता तर हॅनोव्हरच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास शिकलेला वैद्य मिळण्यास आणखी एक पिढी लागली असती, आणि त्या पिढीतील रोग्यांना हा हिशेब पटला असता असे वाटत नाही.

स्मिथ २६ जानेवारी १८२९ रोजी न्यू हेवन येथे वारला. त्याचे चार पुत्र वैद्य झाले. बोडनचे वैद्यक विद्यालय १९२१ मध्ये बंद पडले. डार्टमथने १९१४ मध्ये शेवटच्या वर्षांचे शिक्षण थांबवले, परंतु पहिल्या दोन वर्षांचे चालू ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पुन्हा पूर्ण पदवी दिली जाऊ लागली.