बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा



गळीत हंगामात गव्हाणीला रात्रंदिवस ऊस लागतो. आणि ऐन पहाटे फडात उभा असलेला ट्रॅक्टर सेल्फ मारल्यावर नुसता 'कट्' करून गप्प बसतो. हे आपल्याकडे कुणाला नवे नाही. मग धक्का मारायला माणसं गोळा करा, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, नाहीतर तालुक्याहून कारागीर येईपर्यंत वाट बघा. तोवर टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस वाळतो. वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. म्हणजे हे नुकसान एकट्या ट्रॅक्टरमालकाचे नाही, ते तुमचे-आमचे सर्वांचे आहे.

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो : "बॅटरी गेली, नवी टाका." आमचा आक्षेप इथेच आहे. काट्यावर न तोलता कुणी अंदाजाने उसाची पावती फाडली, तर आपण चालवून घेऊ का? मग हजारो रुपयांची बॅटरी अंदाजावर का बदलायची? दोष पुष्कळदा सैल पट्ट्याचा, गंजलेल्या टर्मिनलचा किंवा डायनामोचा असतो. तो तसाच राहिला, तर नवी बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत उतरते.

काही शे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. तो डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. अँपिअरच्या जागी वायर लावून बॅटरीला मात्र कधी टेकवू नये, मीटर जळेल.

पहिली पाहणी पहाटे, इंजिन चालू करण्याआधी. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी समजावी.

दुसरी पाहणी सेल्फ मारताना. नुसता उभा आकडा फसवतो, भार पडल्यावरच बॅटरीचा दम कळतो. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तिच्यावर संशय घ्यावा. आकडा चांगला टिकतो आणि तरीही सेल्फ ओढत नाही, तर टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि सेल्फ तपासावा.

तिसरी पाहणी इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन. १३.८ ते १४.४ आले तर चार्जिंग ठीक. आकडा साडेबारालाच अडकला तर डायनामो देत नाही. आधी पट्टा बघा, मग वायरी, मग डायनामो उघडा. १५ च्या वर गेला तर कटआउट बिघडला. अशी बॅटरी पाणी पिते आणि लवकर मरते.

झाकणाच्या बॅटरीला हायड्रोमीटरही लावता येतो. आपल्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स तरंगत्या काट्याने पाहतात, त्याच तत्त्वावर हा अ‍ॅसिडची घनता दाखवतो. सहाही घरे सारखी असली पाहिजेत. पाच घरे १२५० च्या आसपास आणि एकच घर ५० अंकांनी खाली, तर ते घर गेले समजावे. पाणी नुकतेच घातले असेल तर हे माप खोटे येते. आणि पाणी डिस्टिल्डच घालावे, विहिरीचे किंवा बोअरचे नव्हे. तपासताना बिडी-काडी दूर ठेवावी, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

आणखी एक कटू बोल. यार्डात रात्रभर नंबर लागलेला असतो, इंजिन बंद, आणि मोठमोठे स्पीकर नि दिवे चालू. मग सकाळी शिव्या बॅटरीवाल्याला! गाणी ऐकायला आमची ना नाही, पण हिशोब बॅटरीच्या कुवतीचा ठेवावा.

काही सभासद म्हणतील, हे वायरमनचं काम, आपल्याला काय कळतंय? आम्हांला हे पटत नाही. ज्याला काट्याची पावती वाचता येते त्याला मीटरचा आकडा वाचता येतो. दुरुस्ती कारागिरानेच करावी, परंतु त्याच्याकडे जाताना आकडा आपल्या खिशात असावा. आकडा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी उगाच नवी बॅटरी विकत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक वाहतूक टोळीने एक मीटर बाळगावा. गावच्या विकास सोसायटीने एक मीटर आणि एक हायड्रोमीटर कार्यालयात ठेवावा. कारखान्याच्या गट ऑफिसने हंगामाच्या आधी एक दिवस ट्रॅक्टरवाल्यांना बोलावून हे हातात धरून दाखवावे. खर्च एका बॅटरीच्या किमतीहूनही कमी आहे. हंगामाच्या आधी हे झाले, तर पहाटेचे कितीतरी धक्के वाचतील आणि ऊस वेळेवर गव्हाणीत पडेल.