पोथी आणि पंचायतीचें दप्तर

वाचकहो, पेरण्या आटोपल्या म्हणजे चार दिवस उसंत मिळते. त्या उसंतींत आम्ही दरसाल एकच ग्रंथ काढून बसतों : जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. सन १८८३ चा हा ग्रंथ जोतीरावांनीं जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांस वाचून दाखविला. ज्यांच्यासाठीं लिहिला त्यांना अक्षर येत नव्हतें, म्हणून त्यांच्या कानांवर घातला.

मे महिन्यांत कांदा घेऊन आम्ही पुण्यास गेलों होतों. टेंपोंत लेकीकडे निघालेली सुताराची म्हातारीही होती. माल उतरवून सगळे गंज पेठेंतील फुलेवाड्यांत गेलों. तेथें जोतीरावांची समाधि आहे, आणि १८६८ सालीं त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केलेला पाण्याचा हौद आहे. पोरें फोटो काढूं लागलीं. म्हातारी म्हणाली, "बाबांनीं पाणी मोकळें केलं. आपल्या पंचायतीचं दप्तर कोण मोकळं करणार?"

बोल झोंबला, कारण खरा होता. १ मेच्या ग्रामसभेंत आमच्या गांवचा जमाखर्च असा भरभर वाचला गेला कीं कोणास कांहीं उमगलें नाहीं. मग सह्यांची वही फिरली. सरपंचपदीं बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. कायद्यानें २०११ पासून निम्म्या जागा बायांना दिल्या. आम्ही मात्र त्यांना खुर्ची देत नाहीं!

जोतीरावांच्या काळीं कुलकर्ण्याची लेखणी अडाण्यास नाडीत होती. आतां कुलकर्णी वतन उरलें नाहीं, घरोघर शिकलेलीं पोरें आहेत. तरी आम्ही न वाचतां सही ठोकतों. मग दोष कोणाच्या माथीं मारावा? आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, यांत आंधळें आतां डोळे मिटून बसलें आहे, इतकाच फरक.

म्हणून बंधुभगिनींनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वीं एक काम करा. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज करून जमाखर्चाची नक्कल मागा. ती पारावर शाळेंतल्या एखाद्या पोरीकडून सावकाश वाचून घ्या. सभेंत प्रश्न विचारायचे ते सरपंचबाईंना, त्यांच्या यजमानांना नव्हे.

आमच्या गांवीं सुताराची म्हातारी पहिल्या रांगेंत बसणार आहे. तुम्ही कोठें बसणार, तें ठरवा.